आडवाटेची वाहने आणि वाटेचा खर्च

डांबरी रस्ता सोडून माळरान, जंगल, वाळवंट किंवा वाळूच्या टेकड्यांवर चालवण्यासाठीच बनवलेली वाहने, मग ती डर्ट बाईक असो, रुंद व कमी हवेच्या टायरांची चारचाकी एटीव्ही असो किंवा बर्फावरची स्नोमोबाईल, बराच काळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली, कारण वाहन-नोंदणीची व्यवस्था मुळात सार्वजनिक रस्त्यासाठी उभी राहिली. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्याही रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनाभोवतीच फिरते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने मात्र 1971 मध्येच या आडवाटेच्या वाहनांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि वाहनाची नोंद सक्तीची करून त्यातून येणारा पैसा वाटांच्या देखभालीला व बंदोबस्ताला बांधून दिला. हा कायदा जीन चॅपी आणि एडविन झ्बर्ग या विधानसभा सदस्यांच्या नावाने ओळखला जातो. चॅपी रिपब्लिकन होते, तर झ्बर्ग हे पर्यावरणविषयक कायद्यांसाठी परिचित असलेले डेमोक्रॅट होते. भिन्न पक्षांच्या या दोघांची नावे एकाच कायद्यावर असावीत, ही गोष्ट या विषयात विशेष महत्त्वाची आहे, कारण वाहनप्रेमी आणि निसर्गप्रेमी यांचे भांडण मिटवण्याऐवजी ते एका चौकटीत आणून बसवणे हाच त्या कायद्याचा खरा हेतू होता.

चौकटीची गरज जमिनीकडे पाहिल्यावर पटते. उतारावर चाक जागच्या जागी फिरले की गवताची मुळे उखडतात, मातीचा वरचा थर सुटतो आणि चाकोरीचा खळगा तयार होतो. पुढच्या पावसाचे पाणी त्याच खळग्यातून वेगाने वाहते, त्याची घळ होते, आणि घळ टाळण्यासाठी चालक शेजारून नवी वाट पाडतात, म्हणजे एका वाटेच्या जागी तीन वाटा झिजू लागतात. वाळवंटात तर जखम भरून येण्यास पिढ्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जनरल जॉर्ज पॅटन यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रणगाडा-प्रशिक्षणाचे केंद्र उभारले. तेथील रणगाड्यांचे माग काही ठिकाणी आजही ओळखू येतात.

नोंदणी झालेल्या वाहनाला हिरवे ओळखचिन्ह मिळते आणि त्यामुळे लोकव्यवहारात या नोंदणीलाच ‘ग्रीन स्टिकर’ म्हणतात. दोन वर्षांसाठीचे शुल्क साधारण 50 डॉलरच्या घरात असते. मोटारसायकलवर हे ओळखचिन्ह पुढच्या चाकाच्या डाव्या दांडीवर लावावे लागते, जेणेकरून वनरक्षकाला ते बाजूने दिसावे. तरीही निधीचा मोठा वाटा या शुल्कातून येत नाही. तो इंधनकरातून येतो. पेट्रोलवरील कर रस्त्यांसाठी घेतला जातो, पण आडवाटेवर जळणारे पेट्रोल रस्ता वापरत नाही, म्हणून त्या प्रमाणातील कर ‘ऑफ-हायवे व्हेईकल ट्रस्ट फंड’ या राखीव निधीकडे वळवला जातो, आणि आडवाटेच्या वाहनांसाठी राखलेल्या राज्याच्या वाहनक्षेत्रांचे प्रवेशशुल्कही त्यातच जमा होते. मग सक्तीच्या नोंदणीचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर असे की नोंदणीमुळे वाहनाला ओळख मिळते. ओळख नसलेल्या वाहनावर ना दंड बसवता येतो, ना त्याच्या मालकाला वाटेच्या कारभारात आपला हक्क सांगता येतो. महसुलापेक्षा हे मोल मोठे आहे.

निधीचे वाटप कसे व्हावे यावर दीर्घकाळ वाद झाले आणि 2007 च्या सुधारणा-कायद्याने अनुदानांचे प्रमाण ठरवून दिले: निम्मी रक्कम देखभाल व संचालनाला, 25 टक्के बिघडलेल्या जमिनीच्या पुनरुज्जीवनाला, 20 टक्के बंदोबस्ताला आणि 5 टक्के सुरक्षा-शिक्षणाला. यातील पुनरुज्जीवनाचा चौथा हिस्सा ही या व्यवस्थेतील सर्वांत न्याय्य तरतूद आहे, कारण वाहने चालवणाऱ्यांच्या पैशातूनच, वाहनांना कायमच्या बंद केलेल्या वाटा मोडून तेथे पुन्हा झाडोरा उभा केला जातो. देखभालीचे काम तसे साधेच असते, पण ते सतत करावे लागते: वाटेवर ठरावीक अंतराने तिरपे उंचवटे व उथळ उतार काढून पाणी बाजूला काढून द्यायचे, खचलेली वळणे दगडमातीने भरायची आणि पाऊस पडून माती ओली झाली की वाटच काही काळ बंद ठेवायची. 1970 च्या दशकात सुरू झालेल्या हॉलिस्टर हिल्स या वाहनक्षेत्रात पावसानंतर वाटा अशा बंद राहतात.

बंदोबस्ताचे कामही नेमके असते. वनरक्षक ध्वनिमापक यंत्र एक्झॉस्टच्या तोंडापासून 20 इंचांवर, 45 अंशांच्या कोनात धरतो आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर नेऊन आवाज मोजतो. बहुतेक वाहनांना 96 डेसिबलची मर्यादा आहे. एक्झॉस्टमधून ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळीही तपासली जाते, कारण कोरड्या गवताच्या प्रदेशात एक ठिणगी वणव्याला पुरेशी होते.

राखीव निधीवर इतरांचा डोळा असतोच. आर्थिक अडचणीच्या वर्षांत राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीने या निधीतून रकमा उचलल्या, आणि वाटांसाठी म्हणून दिलेला पैसा असा दुसरीकडे जाणे हा नोंदणी करणाऱ्यांचा विश्वासभंगच होता. 2017 च्या कायद्याने कार्यक्रमाची मुदत संपण्याची अट काढून त्याला कायम स्वरूप दिले व जमीन-संरक्षणाचे निकषही कडक केले, तरी जमिनीवरचे वाद मिटलेले नाहीत. सॅन लुईस ओबिस्पो जिल्ह्यातील ओशियानो ड्यून्स या किनाऱ्यावर वाहनबंदी करण्याचा निर्णय राज्याच्या किनारा आयोगाने 2021 मध्ये घेतला आणि न्यायालयाने तो 2023 मध्ये रद्द केला. त्याच वाळूवर स्नोई प्लव्हर हा संरक्षित छोटा पाणपक्षी मार्च ते सप्टेंबर या काळात अंडी घालतो; त्या महिन्यांत घरट्यांच्या भागाला कुंपण घातले जाते, जाणकार रोज घरटी मोजतात, आणि त्या कुंपणाचा व निरीक्षणाचा खर्च वाहनधारकांच्या याच निधीतून होतो.