फर्मागुढीचा चढ आणि अंगावरची चरबी

हल्ली फोंड्यात पहाटे सायकल घेऊन निघणारी प्रौढ मंडळी दिसू लागली आहेत. पुष्कळांचा हेतू एकच : पोट कमी करणे. आम्हीही त्यांतलेच. साफा मशिदीपासून निघायचे, फर्मागुढीचा चढ धापा टाकीत चढायचा, आणि घाम निथळला की चरबी वितळली असे समजायचे, हा आमचा महिनाभराचा क्रम. कमरेचा पट्टा मात्र एका भोकानेही आत गेला नाही. असे का झाले, याचा विचार करताना जे उमगले, ते येथे देत आहो.

स्नायूंची मुख्य इंधने दोन, चरबी आणि शर्करा. चरबी जाड ओंडक्यासारखी असते. ती सावकाश जळते आणि तिला प्राणवायू लागतोच. शर्करा सुक्या झावळीसारखी चटकन पेट घेते. संथ सायकल चालविताना श्वासातून मिळणारा प्राणवायू पुरेसा असतो व दोन्ही इंधने जळतात. हा एरोबिक व्यायाम. चढावर जोर लावला की तेवढ्याने भागत नाही. मग स्नायू प्राणवायूवाचून शर्करेचे विघटन करून उरलेली शक्ती मिळवितात व लॅक्टेट तयार होते. हा अनॅरोबिक व्यायाम. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात. बदलते ते त्यांचे प्रमाण.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सोबत्याशी दोन वाक्ये न अडखळता बोलता आली, तर व्यायाम मुख्यतः एरोबिक समजावा. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागला, तर अनॅरोबिक भाग वाढला म्हणावे.

मग चढ निरुपयोगी काय? मुळीच नाही. चढावर चरबीचा वाटा घटतो, पण दर मिनिटाचा एकूण खर्च वाढतो आणि हृदयाची ताकदही वाढते. सायकलवर असताना कोणते इंधन जळले, याला फारसे महत्त्व नाही. दिवसाकाठी खाल्ल्यापेक्षा खर्च अधिक झाला, तर तूट भरून काढण्यासाठी शरीर साठवलेली चरबी काढते. अडचण एवढीच, की नवशिका चढावर लवकर थकतो आणि आठ दिवसांत सायकल भिंतीला टेकवून ठेवतो.

आता हिशेब पाहू. सत्तर किलो वजनाच्या माणसाने तासभर मध्यम गतीने सायकल चालविली, तर सुमारे 400 उष्मांक खर्च होतात. हे उष्मांक 45 ग्रॅम तेलात, म्हणजे जेमतेम तीन मोठ्या चमच्यांत, भरून निघतात. एक किलो चरबीत साधारण 7,700 उष्मांक असतात. म्हणजे ती उतरण्यास एकोणीस तासांची रपेट हवी. आम्ही मात्र परतताना भाजी-पाव, मिरची-भजी आणि दोन कप गोड चहा घेत होतो! घाम म्हणजे पाणी आणि मीठ. त्याने घटलेले वजन तांब्याभर पाण्याने परत येते.

म्हणून आमचा सल्ला असा. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास बोलता येईल अशा गतीने सायकल चालवावी. महिन्याभराने त्यांपैकी एक दिवस चढासाठी ठेवावा. मिनिटभर जोर, मग तीन मिनिटे संथ, असे चार-पाच वेळा करावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि परतीच्या वाटेवर हॉटेलापाशी सायकल थांबवू नये. आमच्या अनुभवाने सांगतो, फर्मागुढीहून अवघड चढ तोच आहे.