गोळीच्या नावाचे शेपूट ओळखा
मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काम करणाऱ्यांसाठी

गंजीपेठेतील संदेश दवा बाजारात थोडा वेळ उभे राहिले तर एक प्रश्न वारंवार कानी पडतो : "साल्ट कोणते?" साल्ट म्हणजे गोळीतील खरे औषध, त्याचे मूळ नाव. ब्रँड म्हणजे कंपनीने आपल्या मालाला दिलेले नाव. एकाच साल्टचे शंभर ब्रँड बाजारात असू शकतात. मोमिनपुऱ्यात, मेयो रुग्णालयाच्या आसपास, मेडिकल चौकात मेडिकल स्टोअरवर कामाला लागलेल्या मुलांना हे ब्रँड तोंडपाठ असतात. कोणती पट्टी कोणत्या खणात आहे हे डोळे मिटून सांगतील. परंतु पट्टीवरील साल्टचे लांबलचक नाव वाचायला सांगितले की गाडी अडते. हे नाव वाचण्याची एक सोपी किल्ली आहे आणि ती शिकायला पैसे पडत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव करून प्रत्येक औषधाला जगभर एकच नाव असावे असे ठरविले. अशा नावांची पहिली यादी १९५३ साली निघाली. त्यात एक पद्धत पाळली जाते. सारखे काम करणाऱ्या औषधांच्या नावात एक समान तुकडा ठेवतात, बहुधा शेवटी. आडनावावरून घराणे कळावे तसे या शेपटावरून औषधाचे घराणे कळते.

ब्लड प्रेशरच्या गोळ्या घ्या. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल ही 'ओलोल' मंडळी हृदयाचे ठोके मंद करतात. एनालाप्रिल, रामिप्रिल हे 'प्रिल'. लोसार्टान, टेल्मिसार्टान हे 'सार्टान'. ॲम्लोडिपिन, निफेडिपिन हे 'डिपिन'. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन. आता समजा, एका म्हाताऱ्या चाचांकडे दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आहेत. एकीत रामिप्रिल, दुसरीत टेल्मिसार्टान. ब्रँडची नावे पाहून काही कळणार नाही. पण 'प्रिल' आणि 'सार्टान' शरीरातील एकाच साखळीवर काम करतात. दोन्ही एकत्र घेतले तर रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा आणि मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका असतो. ज्याला शेपूट ओळखता येते तो मुलगा पट्ट्या कापण्याआधी दुकानातील फार्मासिस्टला हाक मारील.

'ओलोल'चे आणखी एक सांगणे जरूर आहे. काचबिंदूसाठी डोळ्यात टाकतात त्या टिमोलोलच्या थेंबांनाही हेच शेपूट आहे. डोळ्याचे औषध म्हणून कोणाला भीती वाटत नाही, परंतु दम्याच्या रुग्णाला त्या थेंबांनीही धाप लागू शकते. गिऱ्हाईक एका हाताने थेंबांची चिठ्ठी देतो आणि दुसऱ्या हाताने दम्याचा पंप मागतो, तेव्हा ही गोष्ट आठवली पाहिजे.

तसेच 'सिलिन'. गिऱ्हाईक म्हणतो, "मला पेनिसिलिनची रिॲक्शन येते." त्याच्या हातातील ब्रँडवर पेनिसिलिन हा शब्द कोठेही नसतो. साल्ट वाचा. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन ही सारी पेनिसिलिनची भावंडे आहेत. एका गोळीने जीव जाऊ शकतो असा हा मामला आहे. 'सेफ'ने सुरू होणारी औषधे, उदाहरणार्थ सेफिक्झिम, ही त्यांची दूरची नातलग, म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत तेथेही विचारून घ्यावे. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन यांचे 'फ्लोक्सासिन' घराणे मात्र निराळे.

आता सर्वांत फसवे शेपूट. इंग्रजीत ज्याचा शेवट 'झोल' असा ऐकू येतो त्यात खरोखरच झोल आहे! ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ॲसिडिटीसाठी. फ्लुकोनाझोल बुरशीच्या रोगासाठी, म्हणजे गजकर्ण वगैरे. मेट्रोनिडाझोल आमांशासाठी. अल्बेंडाझोल जंतांसाठी. लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगात देतात, कार्बिमाझोल थायरॉइडसाठी. नुसता शेवटचा 'झोल' पाहून चालत नाही, मागचे एक-दोन अक्षर धरूनच तुकडा वाचायचा : प्राझोल, कोनाझोल, निडाझोल, बेंडाझोल. तेवढ्यानेही ॲरिपिप्राझोल फसवते. ते ॲसिडिटीचे नसून मानसिक आजाराचे औषध आहे, आणि त्याचा तुकडा 'पिप्राझोल' असा वेगळा आहे. जुन्या औषधांना तर हा नियम पुष्कळदा लागूच पडत नाही. निस्टॅटिन कोलेस्टेरॉलचे नाही, बुरशीचे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून ते नाव पडले.

ब्रँडच्या सारखेपणाने काय होते याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही मेंदूच्या मलेरियावरील दोन कंपन्यांची औषधे. नावे जुळ्या भावांसारखी, पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की औषधांच्या बाबतीत नावाचा घोटाळा अधिक कडकपणे तपासला पाहिजे, कारण चूक जिवावर बेतू शकते. साल्टची नावे शेजारी ठेवून पाहा, एक अक्षरही जुळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून बहुतेक औषधांच्या पट्टीवर साल्टचे नाव ब्रँडपेक्षा किमान दोन आकार मोठ्या अक्षरात छापण्याचे बंधन आहे. तेव्हा ते दिसत नाही ही सबब आता राहिली नाही.

मात्र शेपूट कळले म्हणून गोळी बदलून द्यायची नाही. रामिप्रिल नाही म्हणून एनालाप्रिल देणे हा तर गुन्हाच. परंतु १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे शेड्यूल एचमधील औषधाच्या चिठ्ठीवर त्याच साल्टचा दुसरा ब्रँडदेखील दुकानदाराने आपल्या मनाने द्यायचा नाही. ठोक बाजारात माल घेताना साल्ट पाहून ब्रँड बदलणे वेगळे आणि काउंटरवर चिठ्ठी फिरविणे वेगळे. डॉक्टरला फोन करावा. चिठ्ठीचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, हेही मालकांनी विसरू नये. सेफिक्झिम, लेव्होफ्लोक्सासिन, अल्प्राझोलाम यांसारखी शेड्यूल एच-१ ची औषधे २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरात उतरवून ते तीन वर्षे जपावे लागते.

रमजानच्या आधी हे ज्ञान विशेष उपयोगी पडते. साखरेच्या बहुतेक औषधांत 'ग्लि' असतो, पण तो कोठे आहे ते पाहावे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांत तो सुरुवातीला. या गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन यांत तो मध्ये. ही एकटी घेतली तर तो धोका पुष्कळ कमी. म्हणून रोजे ठेवणाऱ्या रुग्णाचे औषध किंवा त्याची वेळ डॉक्टर बदलतात. मग गिऱ्हाईक नवी चिठ्ठी घरी विसरतो आणि जुनी रिकामी पट्टी दाखवून "हीच द्या" म्हणतो. पट्टीवर 'ग्लि' पुढे दिसला तर विचारावे, "चाचा, डॉक्टरांना दाखवून झाले का?"