पाटी न पुसणारा कारकून

‘जीटीए : सॅन अँड्रियास’ हा खेळ २००४ सालचा, संगणकावर तो २००५मध्ये आला. तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी त्यातल्या सीजे या नायकाला सायकलवरून गावभर हिंडवलं, ती पोरं आता चाळिशीकडे झुकली आहेत. त्यातल्या काहींनी जुनी हौस म्हणून हा खेळ पुन्हा लॅपटॉपवर टाकला. त्या लॅपटॉपवर विंडोज ११ची २०२४च्या अखेरीस आलेली ‘२४एच२’ ही आवृत्ती असेल, तर त्यांना एक विमान सापडेना. स्किमर नावाचं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ठरलेल्या जागी जावं तर नुसतं पाणी! काही खटपट्यांनी बाहेरच्या युक्तीने ते बोलावलं आणि सीजेला आत बसवलं, तर तो थेट आभाळात भिरकावला गेला. किती वर? उंचीचा आकडा एकावर एकतीस शून्यांच्या घरातला. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास मीटरमध्ये लिहिला तरी तो सत्तावीस अंकांत बसतो.

काल चालत होतं, अपडेट आलं आणि बिघडलं; म्हणजे दोष अपडेटचा. कुणीही हेच म्हणेल. ‘सायलेंट’ या टोपणनावाने काम करणारा एक प्रोग्रामर मात्र या निष्कर्षावर थांबला नाही. जुन्या जीटीए खेळांची दुरुस्ती करणारा त्याचा ‘सायलेंटपॅच’ कैक वर्षं चाहत्यांच्या वापरात आहे. तो या बिघाडाच्या मागावर निघाला आणि २०२५मध्ये त्याने त्याचं मूळ सापडल्याचं जाहीर केलं. ते वीस वर्षांपूर्वीच्या एका मजकुराच्या फाइलीत होतं.

खेळ सुरू होताना सगळ्या वाहनांची यादी एकेक ओळ करून वाचली जाते. प्रत्येक ओळीत वाहनाचा क्रमांक, नाव, प्रकार आणि शेवटी चाकांसंबंधीचे आकडे असतात. स्किमरच्या ओळीत हे शेवटचे चार आकडेच नव्हते. कारणही मजेशीर आहे. आधीच्या ‘व्हाइस सिटी’ या खेळात स्किमरची नोंद ‘होडी’ म्हणून होती आणि होडीला चाकांचे आकडे लागत नाहीत. सॅन अँड्रियासमध्ये कुणीतरी ते ‘विमान’ केलं आणि चाकांचा रकाना भरायचा विसरला. खऱ्या स्किमरला चाकं नाहीतच, खाली तरंगे आहेत. पण अर्जाचा नमुना विमानाचा, म्हणजे रकाना भरायलाच हवा!

मग वीस वर्षं हे विमान सुखाने उडत कसं होतं?

कचेरीतला एक कारकून डोळ्यांसमोर आणा. समोर आलेल्या अर्जातले आकडे तो पाटीवर उतरवून घेतो आणि मग पाटी बघून पुढचं काम करतो. मात्र दोन अर्जांच्या मध्ये तो पाटी पुसत नाही. अर्जात एखादा रकाना कोरा असला, तर पाटीवर त्या जागी तो काहीच लिहीत नाही. आधीच्या अर्जदाराचा आकडा तिथे तसाच राहतो आणि तोच या अर्जदाराच्या नावावर चढतो. खेळातला हा कारकून म्हणजे ‘एसस्कॅनएफ’ नावाची, ओळीतून आकडे वेचणारी सी भाषेतली जुनी आज्ञा. आणि पाटी म्हणजे प्रोग्रामची तात्पुरत्या टिपणांची स्मृती, जिला ‘स्टॅक’ म्हणतात. यादीत स्किमरचा क्रमांक ४६०. त्याच्या आधी ४५९वर टॉपफन नावाची व्हॅन. म्हणजे दोन दशकं हे विमान शेजारच्या व्हॅनची उसनी चाकं लावून फिरत होतं, आणि ती त्याला बरोबर बसतही होती.

आता विंडोजचा संबंध. एक ओळ वाचून झाली की दुसरी आणण्यासाठी खेळ विंडोजला हाक मारतो, आणि विंडोजही आपलं किरकोळ टिपण त्याच पाटीवर करते. पूर्वी तिला त्यासाठी जेवढी जागा लागे, तेवढ्यात चाकांचे आकडे सुखरूप राहत. २४एच२मध्ये आतल्या कुलूपकिल्लीच्या व्यवस्थेत बदल झाला, तिला पाटीवर थोडी अधिक जागा लागू लागली आणि तिचा हात नेमका व्हॅनच्या चाकांवरून फिरला. तिथे उरलेल्या भलत्याच अंकांना खेळाने चाकाचा आकार समजून घेतलं. चाक विश्वाएवढं, मग त्या हिशोबाने विमान जमिनीपासून किती वर ठेवायचं? हिशोब बरोबर होता. आकडा चुकीचा होता.

मायक्रोसॉफ्टने इथे काहीही गैर केलेलं नव्हतं. पाटीचा तो कोपरा कोरा राहील किंवा जुनाच राहील, असं वचन कुणी कुणाला दिलेलंच नव्हतं. ‘इतकी वर्षं चालतंय ना, मग ठीकच आहे,’ हा युक्तिवाद आपण पुलापासून पोटदुखीपर्यंत सगळीकडे करतो, म्हणून मला ही गोष्ट खेळापुरती वाटत नाही.

योगायोग असा की याच घराण्यातल्या दुसऱ्या एका गाजलेल्या भानगडीतही हाच कारकून सापडला होता. ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागत. लोक तोवर चहा टाकून येत. फेब्रुवारी २०२१मध्ये ‘टी-झीरो-एस-टी’ असं टोपणनाव लावणाऱ्या एका खेळाडूने खेळाची यंत्रभाषा उलगडून पाहिली. मूळ कोड त्याच्याकडे अर्थातच नव्हता. प्रोसेसर कुठे घुटमळतोय हे मोजत तो मागे मागे गेला. खेळातल्या दुकानाच्या सुमारे ६३ हजार वस्तूंची दहा एमबीची यादी वाचली जात होती. एसस्कॅनएफ त्यातला प्रत्येक तुकडा उचलण्याआधी उरलेला मजकूर एकूण किती लांब आहे ते शेवटपर्यंत मोजत असे. पोथीतला एकेक शब्द वाचण्याआधी पोथी संपेपर्यंतची अक्षरं मोजावीत, तसं. त्यावर कडी म्हणजे प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली नाही ना, हे पाहायला ती मागच्या सगळ्या वस्तूंशी ताडली जाई. ६३ हजार वस्तूंसाठी या ताडण्या होतात सुमारे १९८ कोटी. वस्तू दहापट वाढल्या की असं काम शंभरपट वाढतं. यादी लहान असते तेव्हा हे कुणाला जाणवत नाही. ती वाढत जाते आणि माणसं वाट पाहायला सरावतात.

त्याने दोन्ही जागी छोटे बदल केले. त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. खेळ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने शोध मान्य केला, त्याला दहा हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये अधिकृत दुरुस्तीही आणली. इथे कंपनी शहाण्यासारखी वागली. त्याच वर्षी मात्र तिच्या मालक कंपनीने, टेक-टूने, जीटीएच्या जुन्या खेळांचा कोड उलगडून नव्याने लिहिणाऱ्या चाहत्यांना कोर्टात खेचलं. नोव्हेंबरमध्ये त्याच जुन्या खेळांची जी नवी सजवलेली आवृत्ती विकायला काढली, ती इतकी सदोष निघाली की रॉकस्टारला जाहीर माफी मागावी लागली. मालकी हक्क कंपनीचा, यात वाद नाही. पण खेळाची नस कुणाला जास्त ठाऊक होती, हेही दिसलं.

चुकांच्या प्रत्येक शिकारीला इतकी यंत्रभाषा लागते असंही नाही. २०१३च्या ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’मधले परग्रहवासी इतके बावळट होते की त्यांची थट्टा झाली. चार वर्षांनी एका चाहत्याला मांडणीच्या फाइलीत ‘टेदर’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्तीचा दिसला. त्यामुळे ती सूचना खेळाला लागूच होत नव्हती. ते अक्षर खोडल्यावर परग्रहवासी बरेच चलाख झाले.

अर्थात खेळाच्या आत डोकावण्याच्या याच वाटेने फसवे खेळाडू आणि व्हायरसही आत येतात. फुकटचा मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी चाहत्यांची फाइल, कुठूनही उतरवून चालवणं म्हणजे रस्त्यावरची गोळी गिळणं. स्किमरपुरतं मात्र काही उतरवायचीही गरज नाही. वाहनांच्या यादीची ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा, मग ४६० क्रमांकाची ओळ शोधा, वरच्या व्हॅनच्या ओळीतले शेवटचे चार आकडे स्वल्पविरामांसकट तिच्या शेवटी जोडा आणि फाइल सेव्ह करा. विमान पुन्हा पाण्यावर उभं असेल, या वेळी स्वतःच्या चाकांवर.