विश्लेषण : जखमी सिंहाची कणव, माणसांची का नाही? हेमिंग्वेच्या शिकाऱ्याचे नियम काय सांगतात?

‘माझे काही नियम आहेत,’ असे ऐकवणारा ‘मर्द’ नायक पडद्यावर हमखास टाळ्या घेतो. पण नियम पाळणारा माणूस चांगला असतोच का? अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ या कथेतील शिकारी रॉबर्ट विल्सन याचे उदाहरण पाहू.

कथा काय आहे?

ही कथा १९३६ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात प्रसिद्ध झाली. पूर्व आफ्रिकेत सफारीला आलेला श्रीमंत अमेरिकी मॅकोम्बर जखमी सिंहासमोरून पळ काढतो. त्याच रात्री त्याची पत्नी मार्गोट विल्सनच्या तंबूत जाते. दुसऱ्या दिवशी रानरेड्यांच्या शिकारीत मॅकोम्बरची भीती पार जाते. पण थोड्याच वेळात मार्गोटने झाडलेली गोळी त्याच्या डोक्यात लागते. तो अपघात होता की खून, यावर समीक्षकांचे एकमत नाही.

विल्सनचे नियम कोणते?

जखमी जनावर झुडपात तसेच सोडायचे नाही. ते तडफडते आणि तिथून जाणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या जिवावर बेतू शकते. गाडीतून गोळी झाडायची नाही. ग्राहकाची फजिती बाहेर सांगायची नाही. मॅकोम्बर तशी विनंती करतो, तेव्हा विल्सनला तो अपमान वाटतो.

मग खटकते कुठे?

जनावराबाबत काटेकोर असलेले नियम माणसांपाशी सैल होतात. ग्राहकांच्या बायका तंबूत येतील या हिशेबाने तो सफारीत मोठी खाट बाळगतो. स्थानिक नोकरांना बेकायदा फटके देतो. दंडापेक्षा त्यांना तेच बरे वाटते, ही त्याची सबब. गोळी गाडीतून झाडत नसला, तरी रानरेड्यांचा पाठलाग गाडीतूनच करतो. तेही बेकायदाच.

मर्दानगीचा संबंध काय?

विल्सनकडे पुरुषाला मोजायचे माप एकच : धोक्यासमोर तो उभा राहतो की नाही. म्हणूनच भीती गेलेला मॅकोम्बर त्याला आवडू लागतो. आदल्या रात्रीचा दोष मात्र तो स्वतःकडे घेत नाही. बायकोला सांभाळणे नवऱ्याचे काम, असे म्हणून मोकळा होतो.

थोडक्यात काय?

विल्सन भित्रा नाही, खोटारडाही नाही. पण पेपर त्यानेच काढला आणि तपासलाही त्यानेच. म्हणून कुणी ‘माझे नियम आहेत’ म्हटले, की पुढचा प्रश्न विचारायला हवा : त्या नियमांत कोण बसते आणि कोण बाहेर राहते?