डिझेल व्हॅनमधील टर्बो दाबाची गळती : कारणमीमांसा आणि शोधपद्धती

बीजसंज्ञा : टर्बोचार्जर, इंटरकूलर, दाब, घनता, गळती, निदान

प्रस्तावना :

महाविद्यालयाची व्हॅन हा प्राध्यापकांच्या चर्चेचा विषय सहसा ती बंद पडल्यावरच होतो. क्षेत्रभेटीसाठी विद्यार्थ्यांना घेऊन सासवडकडे निघालेली आमच्या महाविद्यालयाची डिझेल व्हॅन दिवे घाटाच्या चढणीवर एकाएकी निस्तेज झाली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग वाढेना, मागे काळ्या धुराचा लोट उठला आणि मागून येणाऱ्या ट्रकांना वाट देत व्हॅन कशीबशी घाटमाथ्यावर पोहोचली. तत्पूर्वी महिनाभरात डिझेल फिल्टर बदलून व इंजेक्टर साफ करून झाले होते. आता गॅरेजमधून सांगण्यात आले की, ''टर्बो गेला आहे, नवा बसवावा लागेल.'' खर्चाचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आला, तेव्हा एका सदस्याने साधा प्रश्न विचारला : टर्बो गेला हे कशावरून ठरले? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते. त्या उत्तराच्या शोधातून जे हाती आले, त्याची मांडणी प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

टर्बोचार्जरची संकल्पना :

इंजिनाची शक्ती ते किती इंधन जाळते यावर अवलंबून असते, आणि किती इंधन जाळता येईल हे सिलिंडरमध्ये शिरलेल्या हवेच्या वस्तुमानावर ठरते. एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. धुराविना ज्वलन साधण्यासाठी प्रत्यक्षात त्याहून अधिक हवा द्यावी लागते. ही हवा दाबून भरण्यासाठी बाहेर टाकल्या जाणाऱ्या वायूंचीच ऊर्जा वापरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. निष्कास वायूंनी फिरणारे टर्बाइन आणि त्याच दांड्यावर बसवलेला कॉम्प्रेसर, एवढीच तिची मूळ रचना आहे.

हवा दाबली की ती तापते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा दुप्पट निरपेक्ष दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिचे तापमान सुमारे १२५ अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती रेडिएटरसारख्या जाळीतून, म्हणजे इंटरकूलरमधून, नेऊन थंड केली जाते. तापमान ५५ अंशांवर आले, तर त्याच दाबाला घनता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. या लाभासाठी मोजावी लागणारी किंमत म्हणजे लांबलेला मार्ग होय. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इनटेक मॅनिफोल्ड या प्रवासात रबरी होज, क्लिपा आणि सांधे येतात. उष्णता, इंजिनाचे हादरे व तेलाचा अंश यांमुळे रबर कालांतराने फुगते, मऊ पडते किंवा तडकते.

गळतीचे परिमाण :

लहानशा छिद्राने काय बिघडते, हे एका गणिताने स्पष्ट होईल. २.२ लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांनी चालत आहे, मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब २ बार आणि तेथील हवेचे तापमान ५५ अंश आहे असे मानू. चार धावांच्या चक्रानुसार व सिलिंडर ९० टक्के भरतो असे धरून इंजिन दर सेकंदाला सुमारे ८८ ग्रॅम हवा घेते. होजला ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर त्यातून सेकंदाला अंदाजे ७ ग्रॅम, म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या ८ टक्के हवा निसटते. हीच फट ५ सेंटिमीटर लांब व २ मिलिमीटर रुंद असेल, तर नुकसान पाचपट होऊन ४० टक्क्यांच्या घरात जाते. लहान गळती टर्बो अधिक वेगाने फिरून काही काळ भरून काढू शकतो. मोठी गळती भरून काढणे त्याला शक्य होत नाही.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. इंजिन जागेवर मंद गतीने चालत असताना टर्बोचा दाब जवळपास शून्य असतो. त्यामुळे गॅरेजच्या अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये ही गळती ना ऐकू येते, ना जाणवते. ती चढणीवर, भाराखाली प्रकट होते आणि वाहन तपासणीस आणले की लपते.

लक्षणे व त्यांची संदिग्धता :

शक्ती घटणे, काळा धूर, भाराखाली फुसफुस आणि इंधनाचा वाढलेला खप ही गळतीची परिचित लक्षणे होत. धूर येण्याचे कारण असे की, ज्या इंजिनात हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक टर्बोच्या आधी बसवलेला असतो, तेथे मोजलेली हवा पुढे वाटेतच निसटते. नियंत्रक मात्र ती सिलिंडरपर्यंत पोहोचली असे समजून इंधन देतो. जेथे मॅनिफोल्डमधील दाबावरून इंधन ठरते, तेथे इंधनच कमी दिले जाते आणि धुराविना केवळ शक्ती घटते.

आमच्या व्हॅनला स्कॅनर जोडला असता 'पी ०२९९' हा संकेतांक मिळाला होता. त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच होतो. टर्बो निकामी झाला, असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे ताप पाहून थेट रोगाचे नाव सांगण्यासारखे आहे. चोंदलेला एअर फिल्टर, काजळीने अडकलेली टर्बोची पाती, पाती हलवणाऱ्या व्हॅक्यूम नळीतील चीर, उघडी राहिलेली ई.जी.आर. झडप, टर्बाइनपूर्वीची निष्कास गळती आणि होजमधील फट या सर्वांचा परिणाम हाच संकेतांक असू शकतो.

शोधाची पद्धत :

सायकलचे पंक्चर काढणारा कारागीर ट्यूबमध्ये हवा भरतो, ती पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहतो. टर्बो मार्गाची तपासणी याच तत्त्वावर होते. फक्त येथे पाणी मार्गाकडे न्यावे लागते. आमच्या अनुभवी मिस्त्रींनी व भौतिकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी मिळून पुढील क्रम ठरवला.

१. संवेदकाची विश्वासार्हता : इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवल्यावर मॅनिफोल्ड दाबाचा आकडा स्थानिक वातावरणीय दाबाशी जुळला पाहिजे. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल असतो. तो जुळला, म्हणजे मापकावर विश्वास ठेवता येईल.

२. निरीक्षण : सांध्यांवर तेलाचा ओलसर थर व त्यावर चिकटलेली धूळ शोधावी. इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या वाफेचा अंश निसटत्या हवेबरोबर बाहेर पडतो. होज हाताने दाबून, वाकवून खालच्या बाजूनेही पाहावे.

३. दाबचाचणी : इंजिन थंड असताना टर्बोच्या प्रवेशनळीवर ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले घट्ट झाकण लावावे आणि नियंत्रित कॉम्प्रेसरने हवा भरावी. आरंभ ०.३ बारने करून दाब हळूहळू वाढवावा. इंजिनाच्या नेहमीच्या टर्बो दाबापेक्षा तो कधीही अधिक नसावा. ऑइल भरण्याचे झाकण उघडे ठेवावे, कारण पिस्टन रिंगांमधून झिरपणारी हवा क्रँककेसमध्ये साचून सील उचकटू शकते. त्या झाकणापाशी थोडी फुसफुस होणे स्वाभाविक असून ती गळती मानू नये. डोळ्यांना चष्मा असावा, नळ्यांच्या तोंडासमोर उभे राहू नये आणि पट्ट्याजवळ हात नेऊ नये, कारण हवेच्या दाबाने इंजिन किंचित फिरू शकते.

४. साबणाचे पाणी : प्रत्येक सांधा, क्लिप व इंटरकूलरच्या कडा यांवर फेसाळ पाणी शिंपडावे आणि होज हाताने हलवत राहावे. काही चिरा होज ताणल्यावरच उघडतात.

निष्पत्ती :

दाब वाढू लागताच टर्बो व इंटरकूलर यांमधील होजच्या खालच्या बाजूने फेस उसळला. एका लोखंडी पट्टीवर घासून होजला बोटभर लांबीची चीर पडली होती. वरून पाहता होज निर्दोष होती. ती बदलली, पट्टी वाकवून दूर केली आणि चाचणी पुन्हा घेतली. आश्चर्य म्हणजे आता मॅनिफोल्डजवळच्या एका सैल क्लिपेपाशीही बुडबुडे दिसले. मोठ्या गळतीमुळे आधी पुरेसा दाबच साठत नव्हता, म्हणून लहान गळती दडून राहिली होती. पहिला दोष सापडताच शोध थांबवू नये, हा धडा यातून मिळाला. त्यानंतर तोच घाट, तितक्याच प्रवाशांसह, व्हॅनने धुराविना पार केला. टर्बो जुनाच होता.

समारोप :

प्रस्तुत प्रकरणातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, नवा टर्बो बसवला असता तर खर्च होऊनही दोष तसाच राहिला असता आणि तोही टर्बो फाटलेल्या होजपायी अकारण अधिक वेगाने फिरून लवकर झिजला असता. दुसरा, गळतीकडे दुर्लक्ष करणे केवळ इंधनाचे नुकसान नव्हे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या डिझेल वाहनांत काजळी अडवणारा गाळप असतो. सततच्या धुराने तो चोंदून दुरुस्ती अधिक महाग होते. शिवाय चढणीवर शक्ती गमावलेले, विद्यार्थ्यांनी भरलेले वाहन हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिसरा निष्कर्ष सर्व विद्याशाखांना लागू पडावा. लक्षणावरून कारण घोषित करण्याऐवजी संभाव्य कारणांची यादी करावी, स्वस्त व निरुपद्रवी चाचणी आधी घ्यावी आणि दुरुस्तीनंतर पडताळणी करावी.

मिस्त्रींना घनतेचे गणित ठाऊक नव्हते आणि आम्हाला होज कोठे घासते हे ठाऊक नव्हते. चीर सापडली ती दोघे एकाच बॉनेटवर वाकले तेव्हा. महाविद्यालयीन अध्यापनात प्रयोगशाळा आणि कार्यशाळा यांत जे अंतर राहिले आहे, त्याचा विचार या निमित्ताने व्हावा, एवढीच अपेक्षा.