शिकलेलं कुठं जातंय?

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या दहावीच्या वर्गातील एका मुलीची आई शाळेत भेटायला आली. मुलगी दीड वर्षापासून कोल्हापुरातल्या एका रेंजवर एअर रायफलचा सराव करत होती. शालेय स्पर्धांतून तिचे नाव पुढे येऊ लागले होते. आईचे म्हणणे साधे होते. "सर, दहावीचं वर्ष हाय. आता ते बंदुकीचं बंद करूया. परीक्षा झाली की परत जाईल की. शिकलेलं कुठं जातंय?"

आम्ही मान डोलावली. खरे तर आमचीही हीच समजूत होती. सायकल एकदा आली की आली, तसेच हेही असेल असे आम्हाला वाटले. धनुर्विद्या शिकून जो ती सोडून देतो त्याच्याविषयी हदीसमध्ये कडक शब्द आले आहेत, हे आम्ही मुलांना वर्गात सांगत आलो आहोत. पण त्या दिवशी ते आम्हाला आठवले नाही.

मार्चमध्ये परीक्षा संपली आणि मुलगी रेंजवर परतली. सुटण्यापूर्वी साठ फैरींत ती 590 च्या पुढे जात असे. परतल्यावर पहिल्याच दिवशी 550 सुद्धा झाले नाहीत. दोन आठवड्यांनीही फारसा फरक पडला नाही. घरी येऊन ती रडली आणि आता खेळ सोडते म्हणाली. तेव्हा तिचे अब्बू आम्हाला घेऊन रेंजवर गेले. सल्ला आम्हीच दिला होता, त्यामुळे जाणे भागच होते.

तिथल्या प्रशिक्षकांनी आमच्या हातात लक्ष्याचा कागद दिला. आम्ही थक्क झालो. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचे वर्तुळ म्हणजे मधोमध एक पांढरा ठिपका असतो, व्यास फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा त्याहून कितीतरी मोठा, साडेचार मिलिमीटरचा. त्यापुढचे प्रत्येक वलय अडीच मिलिमीटर रुंद. आता हिशेब पाहा. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर धरले, तर टोक एक मिलिमीटर हलल्यावर दहा मीटरवर छर्रा एक सेंटिमीटर सरकतो. म्हणजे चार वलये गेली. आणि रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती उभ्याने धरून पंचाहत्तर मिनिटांत साठ फैरी झाडायच्या.

मग हे जमते कसे? ताकदीने नाही, हे आम्हाला तिथे कळले. नेमबाज रायफल हाताने पेलतच नाही. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि वजन हाडांवरून थेट पायांत उतरते. स्नायूंनी धरली तर स्नायू थकतो, थरथरतो. प्रशिक्षकांनी मुलीला उभे केले, नेम धरायला लावला आणि डोळे मिटायला सांगितले. चार-पाच श्वासांनंतर डोळे उघडले तेव्हा रायफल लक्ष्याच्या बरीच उजवीकडे होती. "हात हलवू नको, पाय हलव," ते म्हणाले. शरीर सैल सोडल्यावर रायफल आपोआप जिथे रोखली जाते, तिथेच लक्ष्य यायला हवे. हाताने ओढून आणलेला नेम घोडा दाबताना पुन्हा मूळ जागी पळतो. पूर्वी तिला ही उभे राहण्याची जागा न बघता सापडायची. दहा महिन्यांत पाय ती विसरले होते. शिवाय मुलगी दोन इंच वाढली होती, म्हणजे जुने मोजमाप आता लागू नव्हतेच.

श्वासाचेही तसेच. अर्धा श्वास सोडून थांबायचे आणि पाच ते आठ सेकंदांत फैर सुटली पाहिजे. त्याहून लांबले की नजर फिकी पडते. अशा वेळी रायफल खाली घ्यायची आणि नव्याने सुरुवात करायची. हे खाली घेणे सर्वांत अवघड असते, कारण मन म्हणते, आता सोडूनच टाक. सरावात खंड पडलेला माणूस नेमका इथे चुकतो.

आम्ही विचारले, मग रोज किती छर्रे झाडायला हवेत? उत्तर अनपेक्षित होते. सरावाचा मोठा भाग छर्र्याविनाच होतो. रिकाम्या रायफलने नेम धरायचा, घोडा दाबायचा, आणि चाप सुटताना नळी हलली का एवढेच पाहायचे. छर्रा असला की लक्ष गुणांकडे जाते. तो नसला की चूक दिसते. स्पर्धेच्या रायफलींत यासाठी वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर मात्र हा प्रयोग करू नये, ती बिघडते.

आम्हाला आमचे उर्दूचे उस्ताद आठवले. तख्तीवर मुलतानी माती फासून ते बरूच्या कलमाने पानभर फक्त 'बे' लिहून घेत. त्याला ते मश्क म्हणत. पान भरले की तख्ती धुऊन टाकायची. लिहिलेले काही शिल्लक राहत नसे, पण हाताला वळण लागत असे. सुट्टीनंतर आमचा 'बे' कसा वाकडा यायचा, हेही आठवले.

आमच्याच जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. मध्ये पंधरा वर्षे गेली, आणि त्यांतली बरीच रेल्वेची नोकरी सांभाळून. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून झाडलेल्या फैरींनंतर तो मागे होता. उभ्याने झाडायच्या फैरी शेवटी येतात, त्यात तो वर आला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, पण ऑलिंपिक त्यांच्या वाट्याला टोकियोत आले, वयाच्या चाळिशीत. मधली अकरा वर्षे त्या खेळत राहिल्या.

मुलीचे अब्बू सुतारकाम करतात. त्यांनी प्रशिक्षकांना दोनच गोष्टी विचारल्या. पैसे किती, आणि कायद्याचे काय? बंदूक हा शब्द आपल्या घरांत दबक्या आवाजातच उच्चारला जातो. मोहल्ल्यात लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही, पण तोही होताच. ठरलेल्या मर्यादेतील एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, पॉइंट टू टूला लागतो. स्पर्धेची चांगली रायफल लाखाच्या पुढे जाते, म्हणून बहुतेक मुले क्लबचीच वापरतात. शिस्त मात्र कडक असते. फैरी संपल्या की नळीतून रंगीत दोरी आरपार घालायची. म्हणजे आत काही नाही, हे लांबूनही दिसते. रिकामी असली तरी ती कोणावर रोखायची नाही. गंमत म्हणून एकदा मैत्रिणीकडे वळवली म्हणून एका मुलीला आठवडाभर रेंजबाहेर बसवले होते. आम्हाला ते रास्त वाटले.

क्लबची रायफल घरी मिळत नाही. मग अब्बूंनी दुकानातल्या सागवानी तुकड्यांतून रायफलीच्या मापाची फळी घडवली. वजन भरून निघावे म्हणून आत लोखंडी पट्ट्या ठोकल्या. घोडा नाही, चाप नाही. फक्त उभे राहणे, कोपर टेकणे आणि श्वास. मुलगी आता अकरावीत आहे. सकाळी फजरनंतर वीस मिनिटे ती भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यासमोर उभी असते. संध्याकाळी अभ्यास, रविवारी आणि आठवड्यातून दोन दिवस रेंज. मागच्या महिन्यात ती 585 पर्यंत पोहोचली. जुन्या आकड्याला अजून शिवलेली नाही.

परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा आई मोबाईलवर सेकंद मोजत होती. आठ झाले तरी फळी खाली आली नाही.

"उतरव खाली," आई म्हणाली. "परत पहिल्यापासून."