नाव तेच, फाइल नवी

गेल्या आठवड्यात आपण मालक, गट आणि इतर यांच्या परवानग्या वाचायला शिकलो. आज ते ज्ञान कामाला लावू. रात्री पॅकेजं अपग्रेड झाली, सकाळी सेवा बंद आणि लॉगमध्ये एकच ओळ: 'परमिशन डिनाइड'. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सीएचमॉड ७७७ कडे जातो.

कृपा करून तो हात आवरा. ७७७ म्हणजे त्या मशिनवरच्या प्रत्येकाला ती फाइल बदलायची मुभा. शिवाय काम सुरू होईलच असंही नाही. खासगी किल्ली इतरांना वाचता येते असं दिसलं, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. सुडोच्या फाइलवर ७७७ चालवलं तर तिचा सेट-यूआयडी बिट, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण, उडतो आणि सुडो बंद पडतं. मग ते सुधारायला रूट होण्याची दुसरी वाट शोधावी लागते.

खरं कारण साधं आहे. अपग्रेडमध्ये जुन्या फाइलची डागडुजी होत नाही, तिच्या जागी दुसरी फाइल येते. डेबियन किंवा उबंटूवर डीपीकेजी नवी फाइल 'डॉट डीपीकेजी-न्यू' असं शेपूट लावून शेजारी उतरवतो, पॅकेजमध्ये ठरलेला मालक आणि परवानगी तिला देतो, आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही हाताने केलेला बदल जुन्या फाइलबरोबर गेला. सेटकॅपने दिलेल्या क्षमतांचंही तेच. नोडला ८० क्रमांकाचा पोर्ट उघडायची दिलेली मुभा अपग्रेडनंतर नाहीशी होते ती यामुळे.

हीच रीत एकदा फार उपयोगी पडली. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस कंपनीने पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधली 'पॉनकिट' ही त्रुटी जाहीर केली. २००९ पासून ती तिथेच होती, आणि साध्या वापरकर्त्यालाही तिच्यातून रूट होता येत होतं. दुरुस्त पॅकेज हाती येईपर्यंतचा उपाय म्हणजे त्या फाइलचा सेट-यूआयडी बिट काढणं, ४७५५ चं ०७५५ करणं. पुढे दुरुस्त पॅकेज बसलं आणि बिट आपोआप परत आला. कुणाला काही आठवणीने पूर्ववत करावं लागलं नाही.

आता शोध कसा घ्यायचा? आधी नेमकी कोणती पायरी अडते ते पाहा. 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण मार्ग दिलात की मुळापासून प्रत्येक डिरेक्टरीची परवानगी एकेका ओळीत दिसते. अनेकदा फाइल ठीक असते आणि वरच्या एखाद्या डिरेक्टरीला एक्स नसतो.

फेडोरासारख्या आरपीएम घराण्यात 'आरपीएम -व्ही' आणि पॅकेजचं नाव द्या. एम दिसला तर परवानगी, यू दिसला तर मालक आणि जी दिसला तर गट मूळ नोंदीपेक्षा वेगळा आहे. दुरुस्तीला सेटयूजीआयडीज आणि सेटपर्म्स हे दोन पर्याय आहेत, पण आधी मालक, मग परवानगी हा क्रम चुकवू नका. मालक बदलताना कर्नल सेट-यूआयडी बिट काढून टाकतो. उलट क्रमाने केलंत तर नुकताच लावलेला बिट जाईल.

डीपीकेजी आपल्या नोंदींत मूळ परवानग्या ठेवत नाही. तिथे पॅकेज पुन्हा बसवणं हाच सरळ मार्ग. आधी खात्री हवी असेल तर डेब फाइल उतरवून 'डीपीकेजी-डेब -सी' ने आतली यादी वाचा.

आणि बदल मुद्दाम केलेला असेल, तर तो नुसता फाइलला सांगून भागत नाही, डीपीकेजीलाही सांगावा लागतो. त्यासाठी 'डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड' आहे. मालक, गट, परवानगी आणि मार्ग एकदा नोंदवले की दर अपग्रेडला डीपीकेजी स्वतःच ते लावतो. इतकं उपयुक्त साधन इतक्या कमी लोकांना माहीत असावं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढचा भाग येण्याआधी एवढं करा: आपल्या मशिनवर हाताने कोणकोणत्या परवानग्या बदलल्यात ते आठवून कागदावर लिहा, आणि त्यातल्या पॅकेजच्या फाइलींची नोंद स्टॅटओव्हरराइडमध्ये करून टाका.